नाताळचं वार्षिक पत्र: खबरबात एका पानात, आभार ज्याचे त्याला

नाताळच्या सुमारास मित्रांना वर्षातून एकदा पाठवायचं पत्र बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतं. लिहिणारा वर्षभराच्या घडामोडी सांगत बसतो आणि ज्याला पत्र लिहिलंय तो माणूस त्यात कुठेच नसतो. नवी नोकरी, घराची डागडुजी, मुलांचे गुण, सहलींची यादी. वाचणाऱ्याला खबर मिळते, पण हे पत्र आपल्यालाच का आलं ते कळत नाही. इथे दिलेली पद्धत उलटी आहे: खबरबात एका पानात बसवायची आणि खरी मेहनत प्रत्येकासाठी वेगळ्या लिहिलेल्या आभाराच्या परिच्छेदावर करायची.

ही चूक आजची नाही. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र पाठवायची सोय झाली आणि नाताळच्या पत्रांचा ढीग वाढला. १८४३ मध्ये सरकारी अधिकारी हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून शुभेच्छापत्र काढून घेतलं आणि छापलं. नाव घातलं, सही केली की काम झालं. पुढे १९५९ मध्ये साध्या कागदावर झटपट प्रती काढणारं झेरॉक्स ९१४ हे यंत्र आलं, आणि अशा यंत्रांमुळे अख्खं पत्रच सगळ्यांना एकसारखं पाठवणं सोपं झालं. दर टप्प्यावर वेळ वाचला आणि दर टप्प्यावर छाटली गेली ती त्या एका माणसासाठी लिहिलेली ओळ. आपल्याला ती परत आणायची आहे. छपाईशी भांडण नाही. खबरबात खुशाल छापा.

वर्षभर कच्ची नोंद

डिसेंबरमध्ये कोरा कागद घेऊन बसलं की आठवतात ते शेवटचे दोन महिने. फेब्रुवारीत ज्याने मदत केली त्याचं नाव यादीत मागे पडतं आणि परवा जेवायला बोलावलेला मित्र पहिला येतो. म्हणून नोंद त्या त्या वेळी करायला हवी. फोनमधली एक फाइल किंवा छोटी वही पुरते. प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी: तारीख, माणूस, त्याने नेमकं काय केलं किंवा म्हटलं, आणि त्या क्षणी आपण कशात अडकलो होतो. चौथी गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि डिसेंबरमध्ये नेमकी तीच लागते. ‘सामान हलवायला मदत केली’ ही नोंद नऊ महिन्यांनी मुकी असते. ‘सामान हलवायला आला; ऐनवेळी दोघांनी नकार दिला होता आणि घरमालकाने संध्याकाळपर्यंत घर मोकळं करायला सांगितलं होतं’ या नोंदीतून परिच्छेद जवळपास आपोआप निघतो.

बोललेलं वाक्य नोंदवायचं असेल तर जसंच्या तसं नोंदवा, आपल्या भाषेत घोटून नाही.

यंदा नोंद केलीच नसेल तर नोव्हेंबरच्या मध्यावर दोन तास काढा. फोनमधले फोटो जानेवारीपासून महिन्यामहिन्याने पाहा, मग कॅलेंडर, मग संदेश. फोटोंत आनंदाचे प्रसंग सापडतात, पण मदतीचे फारसे नाहीत, कारण अडचणीत कुणी फोटो काढत नाही. ते सापडतात संदेशांत. ‘पोचलास का’, ‘झालं का’, ‘मी येऊ का’ असे शब्द शोधाच्या चौकटीत टाकून पाहिले तर विसरलेली बरीच माणसं वर येतात.

यादी: नावं किती, कुणाची

आधी हिशेब करा. शंभर शब्दांचा परिच्छेद सुचायला, लिहायला आणि नीट उतरवायला पंधरा मिनिटं धरा. तीस नावं म्हणजे साडेसात तास. रोज संध्याकाळी तीन धरली तर दहा संध्याकाळी. साठ नावांची यादी करणारे साधारण विसाव्या नावाला थकतात आणि पुढच्या चाळिसांना तीच तीन वाक्यं फिरवून लिहितात. त्यापेक्षा पंधरा जणांना नीट लिहावं आणि बाकीच्यांना साधं शुभेच्छापत्र सहीसह पाठवावं. यात कुणाचा अपमान नाही.

यादीत सहा रकाने ठेवा: नाव (ते स्वतः लिहितात तसं), पत्ता, गेल्या वर्षी काय लिहिलं, त्यांचं उत्तर आलं का, यंदाचा प्रसंग, आणि ‘जपून’. शेवटच्या रकान्यात घटस्फोट, मृत्यू, गेलेली नोकरी, गर्भपात, घरातला दुरावा अशा गोष्टींची खूण करायची. जुन्या यादीतून नावं तशीच उचलल्याने होणारी चूक सगळ्यांत वाईट असते: वारलेल्या जोडीदाराच्या नावाने पाकीट जातं, किंवा वेगळ्या झालेल्या दोघांच्या नावाने एकच. पत्र कितीही जिव्हाळ्याचं असो, पाकिटावरची ती ओळ आधी वाचली जाते.

ज्यांच्या घरी यंदा दुःख घडलंय त्यांना छापील पान अजिबात पाठवू नका. त्यांना फक्त हाताने लिहिलेलं पत्र जावं, त्यात गेलेल्या माणसाचं नाव असावं आणि ‘आनंदी नाताळ’ नसावं. ‘या दिवसांत तुमची आठवण येते’ एवढं म्हटलं तरी पुरे.

दोन-तीन जागा दरवर्षी संपर्क तुटलेल्यांसाठी राखून ठेवा. जुना सहकारी, शाळेतली मैत्रीण, एकेकाळचा शेजारी. अशा पत्रात एवढी वर्षं गप्प का होतो याचं स्पष्टीकरण एका वाक्यापेक्षा जास्त देऊ नका. दोन परिच्छेद माफी मागितली की समोरच्याला आधी तुमची समजूत काढावी लागते, मग उत्तर लिहायचं. साहजिकच उत्तर राहून जातं.

लिहिण्याआधी विचार

इथे घाई केली तर पुढचं सगळं कारकुनी होतं. एका बैठकीत पाच-सहा नावंच घ्या आणि प्रत्येकाबद्दल स्वतःला विचारा: या माणसाने यंदा असं काय केलं जे तो स्वतः बहुधा विसरलाय? ते केलं नसतं तर माझं काय अडलं असतं? त्यासाठी त्याला काय सोडावं लागलं, झोप, पैसे, रविवार, की माझ्यावरचा राग? त्याचं बघून मी कुठली गोष्ट वेगळी करायला लागलो? आणि शेवटचा, जरा अवघड: आमच्यात काही राहून गेलंय का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ते भांडण नाताळच्या पत्रात काढायचं नाही. पण मनात अढी असताना लिहिलेले आभार कृत्रिम होतात आणि वाचणाऱ्याला ते जाणवतं. अशा वेळी आधी फोन करा, पत्र नंतर.

यंदाचा प्रसंगच सापडत नसेल तर जुना घ्यायला हरकत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या मदतीचे आभार आज मानले तर ते उशिराचे वाटत नाहीत. उलट इतकी वर्षं लक्षात राहिलं हेच वाचणाऱ्याला विशेष वाटतं. मात्र ‘तेव्हा सांगायचं राहिलं’ हे सरळ लिहा.

आभाराचं पत्र लिहायला अवघडल्यासारखं होतं, हे जवळपास सगळ्यांचंच. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं. लिहिणाऱ्यांनी पत्र मिळणाऱ्याला किती आनंद होईल हे कमी धरलं आणि तो किती संकोचेल हे जास्त. लिहिणारा आपले शब्द चपखल बसलेत का या काळजीत असतो. वाचणारा आपुलकी पाहतो. म्हणून शैलीवर अडून बसू नका. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात लोकांनी आभाराचं पत्र लिहून ते स्वतः नेऊन दिलं, तेव्हा त्यांना वाटलेला आनंद महिनाभर टिकला आणि तीन महिन्यांनंतरच्या पाहणीपर्यंत ओसरला होता. एका पत्राने माणूस कायमचा बदलत नाही. वर्षभराची वही ठेवायला हेही एक कारण आहे.

आभाराचा परिच्छेद

पहिला मसुदा बहुतेकांचा असा येतो:

‘तुझ्यासारखी मैत्रीण मिळणं हे माझं भाग्य. तू नेहमीच माझ्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिलीस. तुझे उपकार कधीच फिटणार नाहीत.’

हा मजकूर नाव बदलून तीस जणींना पाठवता येईल. कसोटी हीच: दुसऱ्या पाकिटात घातला तरी चालत असेल तर परिच्छेद अजून लिहून झालेला नाही. आता हा पाहा:

‘मार्चमध्ये बाबा रुग्णालयात असताना तू रोज रात्री दहाला फोन करायचीस. काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, असं एकदाही विचारलं नाहीस. तुझ्या ऑफिसातलं काहीतरी सांगत राहायचीस. तेवढी पंधरा मिनिटं मी त्या वॉर्डाच्या बाहेर असायचे. तुला पहाटे पाचला उठायचं असतं हे ठाऊक असूनही मी कधी फोन लवकर ठेवला नाही. आता कुणी अडचणीत असलं की मीही चौकशी करत नाही, माझंच काहीतरी सांगत बसते. हे तुझ्याकडून उचललंय.’

यात एकही मोठं विशेषण नाही. आधी प्रसंग आहे, महिना आणि वेळेसकट. मग त्याचा लिहिणारीवर झालेला परिणाम. मग मैत्रिणीला पडलेली तोशीस, म्हणजे तिची झोप. शेवटी, त्यातून आज काय उरलंय. हाच क्रम धरला पाहिजे असं नाही, पण तोशीस गाळू नका. समोरच्याने काय खर्ची घातलं हे आपल्या लक्षात आलंय, हे कळणं म्हणजेच आभार पोचणं.

लांबी साठ ते सव्वाशे शब्द. त्यापुढे गेलात की एक तर दुसरा प्रसंग शिरतो, किंवा भाषण सुरू होतं.

आता बिघडतं कुठे ते. ‘नेहमीच’, ‘कायम’, ‘प्रत्येक वेळी’ हे शब्द खरे असले तरी पोकळ वाटतात. त्या जागी एक वेळ सांगा. ‘बाकी सगळ्यांनी पाठ फिरवली, तू एकटाच’ या वाक्यात आभार कमी आणि तक्रार जास्त असते, आणि ते ‘बाकी सगळे’ बहुधा दोघांच्याही ओळखीचे असतात. ‘हे ऋण फेडता येणार नाही’ म्हटलं की मैत्रीत उधारीची वही उघडते. मदत करणाऱ्याने ती उघडलेली नव्हती. आभाराच्या मागोमाग विनंती जोडली, मुलाच्या नोकरीचं बघशील का, तर वर लिहिलेलं सगळं त्या विनंतीची प्रस्तावना ठरतं. विनंती वेगळ्या दिवशी, वेगळ्या निरोपातून करा.

आणखी एक. पत्र घरात कोण कोण वाचेल हे तुमच्या हातात नाही. मित्राने तुम्हाला उसने पैसे दिले ते त्याच्या घरी माहीत असेलच असं नाही. असा प्रसंग असेल तर ‘जूनमध्ये तू जे केलंस’ एवढंच लिहा. त्याला कळतं.

छापील पान

खबरबातीसाठी ए४ कागदाची एकच बाजू. देवनागरीत बारा पॉइंटचा टाइप, ओळींत मोकळं अंतर आणि चारी बाजूंना अडीच सेंटिमीटर समास ठेवला की साधारण तीनशे ते साडेतीनशे शब्द मावतात. अक्षर बारीक करून पाचशे कोंबू नका. ज्येष्ठ वाचक ते बाजूला ठेवतात आणि मग राहूनच जातं.

महिन्यावार जंत्री टाळा. वर्षातल्या दोन-तीन गोष्टी निवडा, त्यातली एक नीट सांगा, बाकीच्या एकेका वाक्यात. मुलांचं कौतुक एका वाक्यात आणि शक्यतो गुण-पदकांऐवजी त्यांच्या एखाद्या सवयीतून करा. मुलगी कुलपं उघडून त्यांतल्या स्प्रिंगा टेबलावर मांडते, हे वाचायला गंमत येते. ती वर्गात पहिली आली, यावर वाचणारा काय बोलणार? आणि ज्याचा उल्लेख करताय त्याला आधी पान वाचायला द्या, दहा-बारा वर्षांच्या मुलालासुद्धा. कुणाचं आजारपण त्याच्या परवानगीशिवाय छापील पानात कधीच नाही.

वर्ष वाईट गेलं असेल तर? लपवू नका, उगाळूही नका. काय झालं ते एका वाक्यात, आता काय चाललंय ते दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात वाचणाऱ्याने काय करावं: ‘फोन केलात तर आवडेल’ किंवा ‘सध्या बोलायला जमत नाही, पत्र लिहा’. हे तिसरं वाक्य नसलं की लोक बिचकतात आणि काहीच करत नाहीत.

पानाच्या खाली एक तृतीयांश जागा कोरी ठेवून तिथे हाताने परिच्छेद लिहिणारे पुष्कळ आहेत. जागा पुरत नाही आणि अक्षर कडेला चढतं. आभार वेगळ्या कागदावर लिहा आणि पाकिटात तो वर ठेवा, म्हणजे आधी तोच हातात येईल.

मायना प्रत्येकाला नेहमी ज्या नावाने हाक मारता त्याच नावाचा. ज्याला एरवी टोपणनावाने हाक मारता त्याला अचानक ‘प्रिय मित्र’ लिहिलं तर तो दचकेल. ताजा कलम हलक्या गोष्टीसाठी राखून ठेवा, कारण पुष्कळदा लक्षात राहतं ते तेवढंच.

कागद, पाकीट, वजन

हाताने लिहिताना साधं बॉलपेन सुरक्षित. शाईचं पेन वापरायचं तर न पसरणारी, पिगमेंटची शाई घ्या. घरच्या इंकजेट प्रिंटरची बरीचशी शाई पाण्याच्या थेंबाने पसरते, म्हणून पाकिटावरचा पत्ता त्यावर छापू नका. लेझर प्रिंट किंवा बॉलपेन बरं.

ए४ कागदाच्या तीन सारख्या घड्या घातल्या की प्रत्येक भाग ९९ मिलिमीटरचा होतो आणि ११० गुणिले २२० मिलिमीटरच्या डीएल पाकिटात सहज बसतो. चार गुणिले सहा इंचांचा फोटोही त्यात मावतो. वजनाचा हिशेब सोपा आहे: ए४ आकाराचे १६ कागद म्हणजे एक चौरस मीटर, त्यामुळे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचा एक ताव ५ ग्रॅमचा. दोन ताव १०, पाकीट साधारण ५, फोटो साधारण ४, एकूण १९. अनेक देशांत टपालाचा पहिला दर २० ग्रॅमपर्यंतच असतो, म्हणजे तिसरा ताव घातला की दर वाढतो. तिकीट कमी पडलं तर काही ठिकाणी फरकाची रक्कम पत्र घेणाऱ्याकडून वसूल होते. भरलेलं पाकीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तोलून पाहा.

वेळापत्रक

नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ (ॲडव्हेंट, म्हणजे नाताळच्या तयारीचे दिवस) सुरू होतो. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. देशातल्या पत्रांची शाई-कागदाची कामं त्या दिवशी सुरू केली तर दहा संध्याकाळी पुरतात. परदेशी जाणारी पत्रं मात्र तोवर पेटीत पडलेली हवीत, म्हणून ती आधी. अनेक टपालखाती नाताळसाठी शेवटच्या तारखा जाहीर करतात. त्या पाहून किमान आठवडाभर आधीचा दिवस धरा.

उशीर झालाच तर पत्र रद्द करू नका. नाताळचा काळ ६ जानेवारीच्या एपिफनी या सणापर्यंत धरतात, तोवर पोचलेलं पत्र वेळेवरचंच. रशियन, सर्बियन, इथिओपियन अशी काही चर्च नाताळ ७ जानेवारीला साजरा करतात. त्या परंपरेतल्या मित्रांना तर तीच खरी तारीख.

ईमेलने पाठवायचं असेल तर छापील पान जोडा आणि आभार ईमेलच्या मजकुरातच लिहा. एकाला एकच ईमेल. सगळ्यांचे पत्ते एका ओळीत दिसले की पत्राचं परिपत्रक होतं.

प्रती आणि उत्तरं

पाकीट बंद करण्याआधी हाताने लिहिलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढा आणि वर्षाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. नाही तर पुढच्या वर्षी त्याच मित्राला त्याच प्रसंगाचे आभार पुन्हा जातात, आणि पहिलं पत्र नुसतं रिवाज म्हणून आलं होतं असा त्याचा समज होतो.

तीन-चार वर्षांचे कागद जमले की नोव्हेंबरमध्ये ते एकत्र वाचा. कुणाला दरवर्षी फक्त मदतीबद्दल लिहिलंय? तिथे घेणं एकतर्फी होत चाललंय, आपण काय दिलं ते पाहायला हवं. कुणाच्या परिच्छेदात वर्षागणिक प्रसंग जुने होत गेलेत? त्या मित्राला पत्रापेक्षा भेटीची गरज आहे. कोणाचं नाव यादीतून कधी गळलं आणि का, हेही इथेच सापडतं. असं वाचताना नव्या वर्षासाठी दोन-तीन नावांपुढे ‘जानेवारीत फोन’ अशी खूण केली तर या वाचनाचा उपयोग होतो.

उत्तराची वाट पाहू नका, पण आलेलं उत्तर यादीत नोंदवा. सलग तीन वर्षं काहीच आलं नाही तर नाव लगेच खोडू नका. छापील पान थांबवा आणि फक्त हाताने लिहिलेल्या चार ओळी पाठवा, प्रश्न न विचारता. त्यालाही दोन वर्षं उत्तर नाही, तर मात्र थांबा. परत आलेल्या पाकिटावरचा टपालखात्याचा शेरा वाचा. ‘पत्ता अपूर्ण’ आणि ‘स्थलांतर’ यांवरचे उपाय वेगळे आहेत: पहिल्यात घर क्रमांक किंवा पिनकोड तपासायचा, दुसऱ्यात दोघांच्या ओळखीच्या माणसाकडे नव्या पत्त्याची चौकशी करायची. यादीतली दुरुस्ती त्याच दिवशी करा. जानेवारी उलटला की कोणतं पाकीट कशामुळे परत आलं ते आठवत नाही.